केपमधला एक तापलेला रविवार

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात एक घर आजही 'केपवाल्यांचे घर' म्हणून ओळखले जाते. ते माझे आजोळ. केप म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले केपटाउन. आज आपल्याकडे घरटी एक तरी माणूस दुबईला, कतारला किंवा कुवेतला असतो. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, रत्नागिरी आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातले कोकणी मुसलमान आगबोटीने केपला जात होते. कोणी फळे विकली, कोणी किराणा दुकानात नोकरी केली, कोणी पुढे स्वतःचे दुकान टाकले. पुरुष तिकडे, बायका-मुले गावी, आणि मधे मनिऑर्डर.

माझे नाना त्यांपैकीच एक. अम्मीचा जन्म १९४८ चा. ती दोन वर्षांची असताना नाना केपला परतले. १९५९ मध्ये चार महिन्यांसाठी आले, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्यानंतर ते आलेच नाहीत. १९७८ मध्ये तिकडेच त्यांचा इंतकाल झाला.

आज हे ऐकून कोणीही विचारेल, बायको-मुलीला तिकडे का नेले नाही? पण त्या वेळचे कायदे बघा. केपमध्ये राहणारा भारतीय माणूस बाहेर पडला तर परवाना घेऊन, आणि ठरल्या मुदतीत परतला नाही तर तिथे राहण्याचा त्याचा हक्क जाई. १९५३ च्या कायद्याने भारतातून बायको-मुले तिकडे नेण्याची वाटच बंद केली. इकडे भारताने वर्णद्वेषाच्या निषेधार्थ १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि पुढे भारतीय पासपोर्टवर त्या देशात जाण्यास मनाई आली. भारताची भूमिका न्यायाचीच होती. पण या सगळ्याच्या मधे आमची नानी अडकली, ती कायमची.

आणखी एक गोष्ट होती, ती नानीला नानांच्या इंतकालानंतर कळली. नानांनी केपमध्ये दुसरा निकाह केला होता. तिथल्याच एका मलय मुस्लिम घराण्यातल्या बाईशी. त्यांना एक मुलगी होती. म्हणजे माझी खाला.

अम्मीने हे नाते कधी मानले नाही. "केपने माझा बाप नेला," एवढेच ती म्हणायची. माझ्या धाकट्या भावाला जोहान्सबर्गला नोकरी लागली, तेव्हा त्याने केपटाउनच्या कोकणी मंडळींकडे चौकशी करत करत खालाला शोधून काढले. गेल्या जानेवारीत तो आम्हा दोघींना घेऊन केपटाउनला गेला. अम्मीने निघण्याआधीच बजावले होते, "अब्बांच्या कबरीवर फातिहा पढते आणि परत येते. कोणाच्या घरी पाहुणचार नको."

शनिवारी कब्रस्तान झाले. खाला तिथे भेटली. सत्तरीची, उंच, डोक्यावर पांढरा स्कार्फ. नाक हुबेहूब अम्मीचे. सलाम झाला. त्यापुढे दोघीही बोलल्या नाहीत. खालाला इंग्रजी आणि आफ्रिकान्स येते, अम्मीला कोकणी, मराठी आणि उर्दू. दुभाषी मी. निघताना खाला मला म्हणाली, "उद्या रविवार आहे. आमच्याकडे रविवार कसा असतो, ते तुझ्या आईला दाखवू दे. एकच दिवस." अम्मी बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "एकच दिवस."

कनाला, आणखी एक

रविवारी सकाळी आठलाच ऊन चढले होते. एरवी उन्हाळ्यात केपटाउनला आग्नेयेकडून जोरदार वारा सुटतो. तो शहराची हवा साफ करतो, म्हणून लोक त्याला 'केप डॉक्टर' म्हणतात. त्या दिवशी डॉक्टर सुट्टीवर होता. टेबल माउंटनचा सपाट माथा, १,०८६ मीटर उंचीचा, ढगाचा एक धागाही न पांघरता उघडा पडला होता. दुपारी पारा छत्तिसावर जाईल, असे रेडिओ सांगत होता.

आम्ही प्रथम बो-काप या जुन्या मुस्लिम मोहल्ल्यात गेलो. सिग्नल हिलच्या उतारावर दगडी फरशीच्या चढत्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना निळी, गुलाबी, पोपटी, पिवळी घरे. एका घराच्या दारात लोक हातात आपापले डबे घेऊन रांगेत उभे होते. रविवारची सकाळ म्हणजे इथे 'कुसिस्टर'ची सकाळ. मसाल्याच्या पिठाचे लांबट गोळे तळायचे, गरम पाकात बुडवायचे आणि ओल्या अंगावर खोबऱ्याचा कीस भुरभुरायचा. पिठात बडीशेप, दालचिनी, सुंठ, वेलची आणि संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळलेली साल. वास आला तसे मला आपले गुलगुले आठवले, पण हे अधिक मऊ आणि पाकाने जड.

खालाने डबा भरून घेतला आणि एका घराच्या पायरीवर बसून अम्मीपुढे धरला. अम्मीने एक घेतला, अर्धा खाल्ला, बस म्हणाली. खाला हसून म्हणाली, "कनाला, टिटी. आणखी एक."

टिटी म्हणजे थोरली बहीण, हे मला आदल्या दिवशी कळले होते. कनालाचा अर्थ मी विचारला. इथले मुसलमान 'कृपया' ऐवजी हा शब्द वापरतात. मूळ मलय भाषेतला, 'अल्लाहखातर' अशा अर्थाचा. मी अम्मीला तसे सांगितले. ती क्षणभर थांबली. "अल्लाहचे नाव घेऊन देते आहे, तर नाही कशी म्हणू?" म्हणत तिने दुसरा उचलला आणि पुराच खाल्ला.

बो-कापची ही भाषा आणि हे खाणे आले कुठून, ते समजल्याशिवाय केपटाउन समजत नाही. १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने इथे ठाणे वसवले आणि मजुरीसाठी गुलाम आणले. इंडोनेशियाच्या बेटांवरून, सिलोनमधून, मादागास्कर आणि मोझांबिकमधून, आणि आपल्या बंगाल-मलबारच्या किनाऱ्यांवरूनही. त्यांच्याबरोबर डचांनी आपल्याशी लढणारे उलेमा आणि सरदारही कैदी म्हणून धाडले. त्यांपैकी एक तिदोर बेटाचे इमाम अब्दुल्लाह, ज्यांना इथे 'तुआन गुरू' म्हणतात. १७८० मध्ये त्यांना रॉबेन बेटावर डांबले. तिथे त्यांनी आठवणीतून कुरआन शरीफ लिहून काढला. सुटल्यावर ते डॉर्प स्ट्रीटवरच्या औवल मशिदीचे पहिले इमाम झाले. १७९४ ची ही मशीद दक्षिण आफ्रिकेतली पहिली. तिची जागा सिलोनहून गुलाम म्हणून आलेल्या आणि पुढे स्वतंत्र झालेल्या एका माणसाच्या कुटुंबाची होती. उघडपणे इस्लाम पाळायला त्या वेळी कायद्याने बंदी होती.

या लोकांनी मालकाची भाषा उचलली, पण ती अरबी लिपीत लिहिली. आफ्रिकान्स भाषेतली दीनी तालीम अरबी अक्षरांत देणारी अबू बक्र एफेंदींची 'बयानुद्दीन' १८७७ मध्ये इस्तंबूलला छापली गेली. आपण मराठीत नात लिहितो, दीनी मासिके काढतो, तेव्हा काही जणांना नवल वाटते. केपच्या मुसलमानांना ते मुळीच वाटणार नाही.

१६६० ची वई

अकराच्या सुमारास आम्ही टेबल माउंटनच्या पूर्व उतारावरच्या कर्स्टनबॉश बागेत पोहोचलो. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या या बागेची खासियत म्हणजे इथे परदेशी शोभेची झाडे नव्हे, तर या देशाची स्वतःची झाडे जपली जातात. केपच्या या चिमुकल्या पट्ट्यात सुमारे नऊ हजार जातींच्या वनस्पती आहेत. त्यांतल्या जवळजवळ सत्तर टक्के जगात दुसरीकडे कुठेही आपोआप उगवत नाहीत. बारीक, चिवट पानांच्या या झुडपी रानाला 'फेनबॉस' म्हणतात. २००४ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

जानेवारीत प्रोटियाचा बहर बहुतेक ओसरलेला असतो, पण निळ्या अगापँथसचे गुच्छ वाटेच्या दोन्ही बाजूंना डोलत होते. चंदेरी झाडाची पाने उन्हात खरोखर वर्ख लावल्यासारखी चमकत होती. एका माळ्याने आम्हाला प्रोटियाची सुकी, लाकडासारखी बोंडे दाखवली. यांतल्या कित्येक जातींचे बी वर्षानुवर्षे बोंडात बंद असते. वणवा येऊन गेला की ती उघडतात आणि राखेत नवी रोपे उगवतात. अम्मीने बोंड हातात घेऊन उलटसुलट केले. "जळल्याशिवाय उघडत नाही?" तिने परत विचारले. मी हो म्हटले.

थोड्या वर गेल्यावर खाला एका दाट, वेड्यावाकड्या झाडीपाशी थांबली. रानबदामाची ती झाडे १६६० मध्ये डचांनी लावलेल्या कुंपणातली आहेत. इथले मूळ रहिवासी, गुरे पाळणारे खोईखोई लोक, आपल्याच चराऊ जमिनीवर येऊ नयेत म्हणून कंपनीने हे कुंपण घातले. या झाडाचे बदाम कडू, कच्चे खाल्ले तर विषारी. साडेतीनशे वर्षांनंतरही झाडे उभी आहेत.

"म्हणजे वईच की," अम्मी म्हणाली. कोकणात वाडीभोवतीच्या कुंपणाला आपण वई म्हणतो. मग हळूच म्हणाली, "आमच्या आईच्या वाटेत पण अशीच वई घातली होती. तिला निदान पाने होती का, ते तरी बघायचे होते." मी हे खालाला सांगावे की नाही, या विचारात पडले. शेवटी सांगितले. खालाने मान खाली घातली.

एका सफेत

इथला उन्हाळा आपल्यासारखा नाही. कोकणात घाम अंगावर राहतो. इथे तो येतो आणि तिथल्या तिथे सुकतो, म्हणून तहान लागल्याचे कळतच नाही. बघता बघता डोके दुखू लागते. जाणाऱ्यांनी टोपी, पाण्याची बाटली आणि दुपारची सावली या तिन्हींची सोय आधी करावी. डिसेंबर-जानेवारी म्हणजे तिथे ऐन उन्हाळा, हे पुष्कळ जण विसरतात. जेवणाची मात्र चिंता नको. मुस्लिम ज्युडिशियल कौन्सिलने हलाल ठरवलेले पदार्थ दुकानांत सहज मिळतात आणि बागेत घरचा डबा नेता येतो.

जुहरची वेळ झाली, तेव्हा एका मोठ्या झाडाखाली खालाने चटई अंथरली. अम्मी सवयीने पश्चिमेकडे, डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. कोकणात किब्ला पश्चिमेला, समुद्राकडे. केपटाउनला मात्र तो उत्तरेच्या जरा पूर्वेला येतो. खालाने अम्मीचे दोन्ही खांदे धरले आणि हलकेच तिला फिरवले. दोघींनी एकमेकींना केलेला तो पहिला स्पर्श.

मी मागे उभी होते. तकबीर झाली. रुकूला जाताना दोघींनी एकाच वेळी, एकाच तऱ्हेने हात उचलले. भारतातले बहुतेक मुसलमान हनफी आहेत, आपण कोकणी मात्र शाफई. मुंबईत शिकायला गेल्यापासून मला सतत कोणीतरी विचारत आले, तुम्ही असे हात का उचलता? केपचे मुसलमानही बहुसंख्य शाफईच, कारण त्यांचे पूर्वज आले त्या इंडोनेशियाचा तो मजहब. नानांना दूर देशात नमाजाची सफ ओळखीची वाटली असेल, हे मला त्या झाडाखाली उमगले. सलाम फेरल्यावर अम्मी म्हणाली, "हिला नमाज अब्बांनी शिकवली असणार." खाला म्हणाली, "आईने आणि अब्बांनी, दोघांनी."

मग डबे उघडले. डाळीच्या पिठात पालक-कांदा घालून तळलेले 'डालची', म्हणजे आपली भजीच. नखाएवढे नाजूक समोसे. बोबोटी हा इथला खास पदार्थ. खिम्यात हळद-मसाला, मनुका, आंबट-गोड चटणी आणि दुधात भिजवलेला पाव मिसळायचा, वरून अंड्या-दुधाचा थर ओतून तो भट्टीत भाजायचा. खिम्यात गोड म्हणजे अम्मीला जरा खटकले. 'ब्रियानी' मात्र तिने मन लावून खाल्ली. त्यात अख्खा मसूर होता. तोंडी लावायला होते ते 'आचार', नाव तेच आणि मोहरी-तेलाचा वासही ओळखीचा.

"तांदूळ थोडा फडफडीत हवा होता," अम्मीने शेरा मारला. मी दुभाषी म्हणून त्यातले अर्धेच सांगितले, पण खालाला न सांगताच कळले. ती हसली. "अब्बाही हेच म्हणायचे."

जॅझ आणि आपण

उन्हाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी कर्स्टनबॉशच्या हिरवळीवर खुले संगीत कार्यक्रम होतात. हजारो लोक तिकीट काढून, चटया-डबे घेऊन उतारावर बसतात. त्या दिवशी जॅझ होता. खालाने आमची तिकिटे काढून ठेवली होती. अम्मीला हे कळताच ती उठलीच. "गाणेबजावणे ऐकायला मी एवढा समुद्र ओलांडला नाही."

संगीताविषयी आपल्या समाजात वेगवेगळी मते आहेत आणि आपापल्या मतांवर श्रद्धेने चालणारी माणसे आहेत. तो वाद इथे सोडवण्याचा माझा अधिकार नाही. पण जॅझ म्हणजे दारूच्या गुत्त्यातला गोंगाट, एवढीच आपली समजूत असेल तर ती अपुरी आहे. जॅझ अमेरिकेत जन्मला, तो गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांत. त्याचे कित्येक थोर कलावंत पुढे मुसलमान झाले. पियानोवादक अहमद जमाल, सॅक्सोफोनवादक युसूफ लतीफ ही त्यांतली दोन नावे. आपल्या मुंबईलाही जॅझ परका नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या काळ्या अमेरिकन कलावंताचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. पुढे गोव्याच्या वादकांनी तो बाज हिंदी चित्रपटांत आणला. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'च्या (१९५१) गाण्यांतला ठेका ज्यांनी ऐकला, त्यांनी नकळत जॅझचा नातेवाईकच ऐकला.

केपटाउनचा जॅझ आणखी वेगळा. गुलामांनी लाकडी पिंपावर कातडे ताणून जो 'गूमा' ढोल केला, त्याचा ठेका त्यात आहे. चर्चमधली भजने आहेत, मलय गायकांची हेलकावे घेणारी लकब आहे. या बाजाला जगभर नेणारे कलावंत म्हणजे अब्दुल्लाह इब्राहिम. १९३४ मध्ये केपटाउनला एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले हे पियानोवादक आधी 'डॉलर ब्रँड' नावाने ओळखले जात. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन यांनी त्यांचे वादन ऐकून पॅरिसमध्ये त्यांचे ध्वनिमुद्रण करवले. १९६८ मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला.

त्याच सुमारास त्यांच्या शहरात काय घडत होते? 'डिस्ट्रिक्ट सिक्स' ही शहराच्या मध्यातली जुनी वस्ती. मलय, भारतीय, काळे, मिश्रवर्णी, सगळे एकाच गल्लीत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली. पुढच्या वर्षांत साठ हजारांहून अधिक माणसांना तिथून उठवून 'केप फ्लॅट्स'च्या वाळवंटी माळावर टाकण्यात आले. घरे बुलडोझरने पाडली. मशिदी आणि चर्च तेवढे उभे राहिले. आदल्या दिवशी आम्ही त्या वस्तीचे संग्रहालय पाहिले होते. तिथे जमिनीवर अंथरलेल्या मोठ्या नकाशावर जुन्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी स्वतःची नावे लिहिली आहेत. नानांचे दुकान तिथल्याच हॅनोव्हर स्ट्रीटजवळ होते. तेही गेले. भारतीय म्हणून त्यांना रायलँड्सला जावे लागले.

माळावरच्या अशाच एका नव्या वस्तीचे नाव मॅननबर्ग. १९७४ मध्ये अब्दुल्लाह इब्राहिम यांनी केपटाउनमध्ये सॅक्सोफोनवादक बेसिल कुत्सिए आणि रॉबी जान्सन यांच्यासह एक धून ध्वनिमुद्रित केली आणि तिला त्या वस्तीचे नाव दिले. तेरा मिनिटांहून लांब, जवळजवळ शब्दांशिवाय. उठवलेल्या लोकांनी ती आपली मानली आणि पुढे वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्यात ती जागोजाग वाजत राहिली. शब्द जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे कोणता शब्द आक्षेपार्ह, हे सरकारला दाखवणे सोपे नव्हते.

इतवारची पत्रे

अम्मी हिरवळीच्या अगदी कडेला, मंचाकडे पाठ करून बसली. आमच्या आसपास डोक्यावर स्कार्फ घेतलेल्या कितीतरी बायका मुलाबाळांसह बसल्या होत्या. पलीकडे काही लोक वाइनच्या बाटल्या उघडत होते. खालाने आधीच दूरची जागा धरली होती. ऊन उतरू लागले. पाच जणांचा वाद्यवृंद आला: पियानो, सॅक्सोफोन, मोठे उभे बास, ड्रम आणि गूमा.

पहिल्या दोन रचना अम्मीने तशाच ऐकल्या, किंवा ऐकल्या नाहीत. मग गूमाचा ठेका सुरू झाला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "लग्नात डफ वाजतो तसाच आहे." मी उत्तर दिले नाही.

सॅक्सोफोन सुरू झाला तशी खाला बोलू लागली. दुकानाच्या शेजारच्या घरात तीन भाऊ राहत. दर रविवारी दुपारी ते सराव करत. एकाकडे सॅक्सोफोन, एकाकडे गिटार, तिसरा रिकाम्या पेटीवर ठेका धरायचा. रविवारी दुकान बंद. नाना मागच्या पायरीवर फळांचे खोके उलटे ठेवून त्यावर कागद पसरत आणि लिहीत बसत. "मी विचारायची, काय लिहिता? म्हणायचे, घरी पत्र. मला वाटायचे, घर तर हेच आहे. मग कुठल्या घरी? मी लहान होते. मोठी झाल्यावर कळले, तेव्हा मलाही राग आला होता. तुझ्या आईला जसा आला, तसाच."

मी एकेक वाक्य अम्मीला सांगत गेले. तिची पाठ ताठ झाली होती. खाला थांबली, तेव्हा अम्मी हळूहळू वळली. आता तिचे तोंड मंचाकडे होते.

"सगळ्या पत्रांवर इतवारच आहे," ती म्हणाली.

आमच्याकडे नानांची त्रेसष्ट पत्रे आहेत, उर्दूतली. अम्मीला ती जवळजवळ पाठ आहेत. तिने पर्स उघडली. कबरीवर जाताना एक पत्र तिने बरोबर घेतले होते, हे मला माहीत नव्हते. घडीवर फाटलेले, १९६३ चे. चष्मा लावून ती वाचू लागली. खुशाली, आजीच्या दम्याची चौकशी, तिच्या पुस्तकांसाठी पाठवलेले पैसे, परसातल्या कलमाला वई घातली का. आणि शेवटी: शेजारची पोरे बाजा वाजवत आहेत, मन लागत नाही, म्हणून आज एवढेच.

"मला वाटायचे, त्या आवाजाचा त्यांना त्रास होतो," अम्मी म्हणाली. "म्हणून पत्र आखूड."

मी खालाला सांगितले. ती म्हणाली, "त्रास? ती मुले थांबली की ते खोक्यावर बोटे वाजवून बोलवायचे, अजून वाजवा."

शेवटी पियानोवर ती ओळखीची सुरावट आली आणि अख्खा उतार एकदम पुटपुटला. 'मॅननबर्ग'. लोक उभे राहिले. म्हातारी माणसे डोळे मिटून उभी होती. अम्मी बसूनच होती, पण उठून गेली नाही. पत्र तिच्या मांडीवर होते, त्यावर तिची बोटे. बोटे ठेक्यावर हलत होती की हात थरथरत होता, ते मी विचारले नाही.

उन्हाळ्यात तिथे सूर्य आठच्या सुमारास मावळतो. मगरिबला आम्ही रायलँड्सला खालाच्या घरी होतो. अम्मीने त्या घरात जायचे नाही, असे ठरवले होते. गाडीत बसल्यावर पत्ता कोणाचा ते तिने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. नमाजनंतर खालाने आणखी काही पत्रांबद्दल विचारले. तिला उर्दू वाचता येत नाही. बापाच्या हातचे अक्षर तिच्याकडे फक्त दुकानाच्या एका हिशेबवहीत आहे, आकड्यांचे.

"बाकीची घरी आहेत," अम्मी म्हणाली. "टपालाने पाठवणार नाही. हरवतील. येऊन बस माझ्यापाशी, एकेक वाचून दाखवते." मग माझ्याकडे वळून, "सांग तिला. मेमध्ये ये म्हणावे, आंब्याला."

निघताना खालाने उरलेली ब्रियानी आणि कुसिस्टर डब्यात भरून दिले. केपमध्ये घरून जाणाऱ्या पाहुण्याच्या हाती असे खाणे देतात. त्याला ते 'बरकत' म्हणतात. अम्मीने डबा मांडीवर घेतला. "कोकणात डबा रिकामा परत देत नाहीत," तिने खालाला बजावले. मी भाषांतर केले. खाला 'तरमकासी' म्हणाली, म्हणजे शुक्रिया.

तो निळ्या झाकणाचा डबा सध्या आमच्या घरी फडताळात आहे. खालाचे मेचे तिकीट निघाले आहे, इन्शाअल्लाह. अम्मीने पत्रे तारखेप्रमाणे लावून ठेवली आहेत आणि डब्यात काय भरून द्यायचे, यावर रोज नवा विचार चालू आहे.